आयसोटोप म्हणजे आधार कार्ड नव्हे

मागच्या शनिवारी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना आंबेनळी घाटात गाडी थांबवली. निसर्गसौंदर्य वगैरे काही नाही, मागच्या सीटवरच्या एका मेंबरला वळणं सोसेनात. तो रस्त्याच्या कडेला बसून लिंबू हुंगत होता तेवढ्यात आमच्यातल्या दुसऱ्याने, म्हणजे जो दर वीकेंडला दीडपट स्पीडने विज्ञानाचे व्हिडिओ बघतो त्याने, शेजारच्या काळ्या कातळावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "हा दगड रियुनियन बेटाखालून आलेला आहे. आयसोटोप मॅच झालेत. डीएनए टेस्टच म्हण ना. विषय संपला!"

मी म्हटलं, अरे बाबा, तू ज्या थरावर हात ठेवलायस ना, त्या थराचं शास्त्रीय नावच 'आंबेनळी' आहे, आणि तुझ्या या केसमधला सगळ्यात अडचणीचा साक्षीदार नेमका तोच आहे. पण तोवर सगळ्यांना कांदाभजीचे वेध लागले होते. माझं व्याख्यान घाटातच राहिलं. ते इथे पूर्ण करतो, कारण इथे मला कोणी मधे तोडत नाही :)

आधीच सांगून टाकतो, मी भूशास्त्रज्ञ नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण गेली काही वर्षं दख्खनच्या दगडांवरचे पेपर वाचायचं व्यसन लागलंय, आणि त्यातून एक राग साठत गेलाय. राग शास्त्रज्ञांवर नाही, ते बिचारे पेपरात नीट जपून लिहितात. राग आहे तो 'फिंगरप्रिंट', 'डीएनए', 'सिग्नेचर मॅच' असले शब्द वापरून त्यांचं म्हणणं चपटं करून विकणाऱ्यांवर. व्हिडिओवाले, लेखवाले, आणि हो, पीपीटी दाखवणारे ट्रेक लीडरसुद्धा.

मुळात मोजतात काय ते बघू. रुबिडियम-८७ नावाचा किरणोत्सारी अणू फुटून स्ट्रॉन्शियम-८७ होतो. अतिशय सावकाश. निम्मे अणू फुटायला सुमारे ४९०० कोटी वर्षं लागतात, आणि पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी. म्हणजे या घड्याळाचा काटा जेमतेम हललाय. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून ८७ भागिले ८६ असा भागाकार करतात. पृथ्वी जन्मली तेव्हा तो साधारण ०.६९९ होता. पुढे ज्या भागात रुबिडियम जास्त, तिथे तो भराभर वाढला (भराभर म्हणजे कोटी कोटी वर्षांच्या हिशोबात), जिथे कमी तिथे रेंगाळला.

आता गंमत अशी की दगड वितळतो तेव्हा रुबिडियम स्ट्रॉन्शियमपेक्षा जास्त उत्साहाने वितळलेल्या रसात पळतं. अब्जावधी वर्षं प्रावरणातून असा रस वर येत राहिला आणि त्यातून खंडांचं कवच बनलं. त्यामुळे खंडाच्या जुन्या ग्रॅनाइट-नाईसमध्ये रुबिडियमची चंगळ आणि खाली उरलेल्या प्रावरणात दुष्काळ. निओडिमियमचा भागाकार (१४३ भागिले १४४) बरोबर उलटा चालतो, खंडात कमी आणि उपसलेल्या प्रावरणात जास्त. आणि या सगळ्याचा कळीचा मुद्दा असा की वितळताना भागाकार बदलत नाही. ८६ आणि ८७ या वजनांत फरकच इतका थोडा आहे की हजार-बाराशे अंश तापमानाला निसर्ग त्यांच्यात भेदभाव करत नाही. रासायनिक घटक वितळताना, थिजताना इकडचे तिकडे होतात, पण हा आकडा उगमापासून वरपर्यंत जसाच्या तसा येतो. हे अस्सल सोनं आहे. १९६४ साली पॉल गास्ट, टिल्टन आणि हेज यांनी अटलांटिकमधल्या असेन्शन आणि गॉफ या दोन बेटांचे आकडे शेजारी ठेवून दाखवलं की दोन्हींखालचं प्रावरण सारखं नाही. तोवर कित्येक जण प्रावरण म्हणजे सगळीकडे सारखं ढवळलेलं पिठलं असंच धरून चालले होते. न बघता, न खणता, दोन दगड आणि एक मास स्पेक्ट्रोमीटर! अशा शोधापुढे हात जोडावेत.

पण हात जोडून झाले की विचारायचं, हा आकडा नेमकं काय सांगतो? तो सांगतो की या दगडाच्या उगमात रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियमचं प्रमाण किती होतं आणि ते किती काळ तसं राहिलं. तेही दोन्हींचा मिळून एकच आकडा. एफडीवर व्याज किती जमलं एवढंच कोणी सांगितलं तर दर किती आणि मुदत किती हे वेगवेगळं सांगता येत नाही, तसंच. उगम किती खोल होता? माहीत नाही. त्याचा आकार खांबासारखा होता की गादीसारखा? माहीत नाही. नकाशावर कुठे होता? तेही त्या आकड्यात लिहिलेलं नाही. आयसोटोप इतिहास सांगतात, पत्ता सांगत नाहीत. माझं सगळं भांडण या एका वाक्याचं आहे.

आणि हे झालं उगम एकच असेल तर. प्रत्यक्षात मिसळ असते. इथे माझ्या मामाची डेअरी मदतीला येते.

माझा मामा वाईजवळच्या एका गावात राहतो, तीन म्हशी आहेत. परतताना रविवारी सकाळी त्याच्याकडे उतरलो तेव्हा त्याच्याबरोबर दूध घालायला गेलो. पूर्वी तिथे नुसता लॅक्टोमीटर बुडवायचे. तो दुधाची घनता दाखवतो. त्याला फसवायची युक्ती गावात शेंबड्या पोराला माहीत होती. साय काढून घेतली की घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते. दोन्ही बेताने करा, काटा पुन्हा 'शुद्ध दूध' दाखवतो! म्हणून आता फॅट वेगळं मोजतात आणि एसएनएफ वेगळं. दोन आकडे आल्यावर लबाडी लपवणं अवघड झालं. भूरसायनवालेही नेमकं हेच करतात. नुसत्या स्ट्रॉन्शियमवर कोणी भरवसा ठेवत नाही, जोडीला निओडिमियम, शिशाचे तीन भागाकार, जमलं तर हाफ्नियम.

मी मामाला विचारलं, "मामा, फॅट आणि एसएनएफच्या या पावतीवरून दूध कुठल्या म्हशीचं ते ओळखता येईल का हो?"

मामा म्हणाला, "म्हशीचं घेऊन बसलायस! एकदा का कूलरमधे ओतलं की कुठल्या आळीचं तेसुद्धा कळायचं नाही. म्हणून तर पावतीवर नाव लिहितात."

दगडावर नाव लिहिलेलं नसतं, एवढाच काय तो फरक.

आता सह्याद्रीकडे या. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. बाहेरून बघाल तर सगळा एकजात काळा. पण १९८०च्या दशकात कॉक्स, हॉक्सवर्थ, महोनी, डेव्ही, लाइटफूट, बीन, आयआयटी मुंबईचे सुब्बाराव अशा मंडळींनी घाटाघाटांतून नमुने गोळा करून, त्यांचं रसायन तपासून थरांना नावं दिली, आणि नावं आपल्याच गावांची. खालून वर म्हणा: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. एसटीच्या फलकावर शोभेल अशी यादी जगभरातल्या जर्नलांत छापून येते. यांचे गट म्हणजे कळसूबाई, लोणावळा आणि वाई. (आमच्या मामाला हे सांगितल्यावर तो जो खूश झाला!)

आणि या यादीतच सगळी गोष्ट आहे. बुशे थराचा स्ट्रॉन्शियमचा भागाकार घ्या, ०.७१३च्या पुढे, काही नमुन्यांत पार ०.७२च्या जवळ. निओडिमियम जमिनीला टेकलेलं. प्रावरणातून थेट आलेल्या लाव्हाचा आकडा असा नसतो. याचा सरळ अर्थ, लाव्हा वर येताना वाटेतलं भारताचं जुनं कवच, अब्जावधी वर्षांचं ग्रॅनाइट-नाईस, विरघळवून पोटात घेऊन आला. लोणावळ्याच्या बाजूला चिक्की खात आपण ज्या दगडांवर फोटो काढतो त्यातल्या काहींच्या अंगात लाव्हाच्या कितीतरी आधीचा भारत मुरलेला आहे. त्याच्यावरचा पोलादपूर थर, त्यात ही भेसळ कमी कमी होत जाते. त्यावर आंबेनळी, आकडा ०.७०४च्या आसपास, भेसळ जवळपास नाही. जणू नळाला आधी गढूळ पाणी येऊन मग स्वच्छ यावं. त्याच्यावर महाबळेश्वर, आणि तिथे पुन्हा वेगळाच घोळ. स्ट्रॉन्शियम फारसं चढत नाही पण निओडिमियम खाली येतं. म्हणजे भेसळ आहे, पण बुशेसारखी नाही. कवचाचा अगदी तळचा भाग की खंडाला चिकटलेलं जुनं प्रावरण, यावर वाद आहेत.

इतकी सुरस कथा आपल्या घाटात उभी आहे आणि व्हिडिओवाला ती एका वाक्यात गुंडाळतो: रियुनियनशी मॅच! अरे, बारापैकी कुठला थर मॅच? बुशे? त्याचा तर रियुनियनशी आकड्यांचा काही संबंधच दिसत नाही. म्हणजे तुलना करायची तर भेसळ नसलेल्या थराशीच करावी लागणार, आणि तो आंबेनळी. रियुनियनचा स्ट्रॉन्शियमचा आकडा आश्चर्य वाटावं इतका एकसारखा आहे, ०.७०४१ ते ०.७०४४च्या दरम्यान. आंबेनळी त्याच्या आसपास येतो, कबूल. पण निओडिमियम बघा, तर आंबेनळीचे कितीतरी नमुने रियुनियनच्या पुढे जाऊन हिंदी महासागराच्या तळावर मध्य-सागरी पर्वतरांगेतून येतो त्या साध्या, उपसलेल्या प्रावरणाकडे झुकतात. मग म्हणतात, रियुनियनचं थोडं, सागरतळाचं थोडं, अशी मिसळ धरा की बसतं. बसतंच! दोन टोकं आणि मधलं प्रमाण ठरवायचं स्वातंत्र्य दिलं तर मधे काय बसणार नाही? मी दुसऱ्या कुठल्या टोकांची जोडी घेऊनही तोच आकडा काढून दाखवतो. कोडिंगच्या भाषेत, आउटपुट एक आणि इनपुट शंभर.

टोकांचंही तेच. १९८६ साली झिंडलर आणि हार्ट यांनी जगभरच्या बेटांचे आकडे मांडून प्रावरणाची चार टोकं सांगितली. एक उपसलेलं, एक युरेनियमने श्रीमंत, दोन वेगवेगळ्या प्रकारे 'समृद्ध'. फार कामाची मांडणी. पण यातल्या कुठल्याच टोकाचा निव्वळ तुकडा पृथ्वीच्या पोटातून काढून कोणी टेबलावर ठेवलेला नाही. आलेखावर ठिपके जिथपर्यंत पसरले त्या कोपऱ्यांना दिलेली ती नावं. कोपऱ्याला नाव दिलं म्हणून तिथे घर असतंच असं नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते या गोल गोल युक्तिवादाने. रियुनियन हा खोलवरून येणारा प्लूम आहे, कशावरून? तर त्याचे आयसोटोप प्लूमसारखे आहेत. प्लूमचे आयसोटोप कसे असतात? रियुनियन, हवाईसारखे. आमच्याकडे असा रिकर्शनचा फंक्शन कोणी लिहिला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याला चहा पाजून समजावतात.

आता लगेच मला 'प्लूम-विरोधी' गटात टाकू नका. तसा गट खरंच आहे आणि त्यांचं म्हणणं गंभीर आहे. आयआयटी मुंबईच्या हेतू शेठ यांनी २००५ साली दख्खनपासून रियुनियनपर्यंत प्लूमचा मागमूसही नाही अशा अर्थाच्या थेट मथळ्याचा पेपर लिहिला. पवईत बसून सगळ्या जगाच्या विरुद्ध असं म्हणायला हिंमत लागते. पण माझं मत विचाराल तर हॉटस्पॉटवाल्यांची बाजू मला जड वाटते. मात्र ती जड आहे ती मुख्यतः आयसोटोपच्या उगमशोधामुळे नाही! ती जड आहे वयांच्या माळेमुळे. १९८७ साली समुद्रात खणलेल्या बोअरहोल्समधून कळलं की दख्खन ६.६ कोटी वर्षांचा, मालदीवजवळचा लाव्हा सुमारे ५.७ कोटी, चागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी, मग मॉरिशस ८०-९० लाख, रियुनियन २० लाखांच्या आसपास, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ आजही धुमसतो. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ही माळ राहिली. हा खरा पुरावा, भूगोल आणि वय. यातही आयसोटोप आहेतच, पण वय मोजायला. तिथे प्रश्न बरोबर विचारलाय म्हणून उत्तर बरोबर येतं.

"पण हेलियम?" हा प्रश्न येणारच. १९९३ साली बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरणू इथल्या, दख्खनच्या मुख्य लाव्हापेक्षा थोड्या आधीच्या दगडांत हेलियम-३ आणि ४चा भागाकार हवेतल्यापेक्षा सुमारे १४ पट जास्त मोजला. सागरतळाच्या लाव्हात तो साधारण ८ पट असतो, रियुनियनला १२ ते १४. हा माझ्या लेखी या वादातला सगळ्यात वजनदार रासायनिक पुरावा आहे, आणि मी तो बाजूला सारत नाही. पण इथेही भागाकारच आहे हो! तो मोठा यायला वरचा आकडा मोठा असू शकतो (पृथ्वीच्या जन्मापासून खोल दडलेलं हेलियम-३), नाहीतर खालचा आकडा लहान (युरेनियम-थोरियम कमी, म्हणून हेलियम-४ कमी बनलं). दुसरी शक्यता खरी असेल तर तेवढं खोल जायची गरजच उरत नाही. यावरही कागद जाळून झालेत.

आणि मॉरिशस? माळेतलं इतकं सभ्य बेट. २०१७ साली तिथल्या ५७ लाख वर्षांच्या दगडात सापडलेल्या झिरकॉनच्या कणांचं वय निघालं जवळजवळ ३०० कोटी वर्षं. म्हणजे समुद्रातल्या बेटाखालीही जुन्या खंडाचा तुकडा दडलेला असू शकतो. ज्याला आपण भेसळमुक्त समुद्र समजून फूटपट्टी धरली होती, तिथेही साय-पाणी निघालं.

एक गोष्ट राहिली, दशांश स्थळांचा रुबाब. प्रयोगशाळेत दगड कुटतात, हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात, त्यातून स्ट्रॉन्शियम, निओडिमियम वेगळं काढतात, बारीक तारेवर लावून तापवतात आणि आकडा दशांश चिन्हानंतर पाच-सहा स्थळांपर्यंत मोजतात. थक्क करणारं काम. पण आकडा अचूक म्हणून त्याचा अर्थ एकमेव होत नाही. आपल्याकडे तर कोट्यवधी वर्षांचा पाऊस दगडात मुरलाय, पोकळ्यांत झिओलाइट वाढलंय. त्याने स्ट्रॉन्शियम हलू शकतं, म्हणून शहाणी माणसं ताजा गाभा निवडतात, आम्लाने धुतात आणि न डगमगणाऱ्या निओडिमियमशी पडताळतात. सहा स्थळांमागे ही सगळी हमाली असते, ती व्हिडिओत कधी दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं, दगडच तर आहे. मला चिडायचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना रात्री दीड वाजता प्रॉडक्शन कोसळलं. सकाळी मेल आली, एररची 'सिग्नेचर' माझ्या मॉड्यूलशी मॅच होते, रूट कॉज सापडलं. तीन आठवडे मी गुन्हेगार. शेवटी निघालं काय, तर तीन टीम वापरत असलेली एक जुनी लायब्ररी होती, आणि तिच्यातून येणारी कुठलीही एरर तशीच दिसायची. दुरुस्तीची मेल आली, ती चार ओळींची होती, आणि तोवर अप्रेजल होऊन गेलं होतं. तेव्हापासून 'मॅच झालं' हे दोन शब्द कोणी उच्चारले की मी विचारतो, आणखी कोणाकोणाशी मॅच होतं ते बघितलं का? दगडांना अप्रेजल नसतं हे खरं. पण ज्या मुलाला आज आपण घाटात उभं करून 'डीएनए मॅच, विषय संपला' असं शिकवतो, तो उद्या कुठल्यातरी कमिटीत बसून कोणाच्यातरी आयुष्याबद्दल हेच म्हणणार आहे.

असो. लेख इथेच संपवणार होतो, पण काल रात्री त्याच मित्राचा व्हॉट्सॅप आला. लिंबूवाल्याचा नव्हे, डीएनएवाल्याचा. "आंबेनळीचं कळलं. मग बुशेमधे मुरलेलं ते जुनं कवच नेमकं कुठलं? कर्नाटकातल्या दगडांसारखं की दुसरंच काही? आणि लाव्हाखाली काय आहे ते कोणी खणून बघितलंय का?"

कोयनेला खणलंय, मी त्याला लिहिलं. भूकंपाच्या अभ्यासासाठी लाव्हाचे सगळे थर पार करून खालच्या ग्रॅनाइट-नाईसपर्यंत बोअरहोल्स गेली आहेत. त्याचे पेपर पाठवतो, दीडपट स्पीडने वाचता येत नाहीत. पुढच्या शनिवारी लोणावळा ठरलंय, सकाळी सहाला वाकडच्या पुलाखाली. लिंबू आणायला सांगितलंय.